अक्रोडाची फळी

अंगठा जिभेला लावायचा, समोरच्या लाकडावर दाबून घासायचा, आणि मान तिरकी करून त्या ओल्या ठशाकडे बघत राहायचं. लाकूड कुणाच्या मालकीचं, आपण तिथे कशासाठी आलोय, याच्याशी काही संबंध नाही. बँकेचं काउंटर असो, डॉक्टरांचं टेबल असो, नाहीतर कुणाकडे भेटायला गेल्यावर पुढे केलेली खुर्ची असो. ठसा वाळायच्या आत निकाल लागायचा. "साग आहे." "शिसवी सांगून आंबा गळ्यात मारलाय." आणि लाकूड सापडलंच नाही, तर अंगठा पँटला पुसत एकच शब्द यायचा, "मायका!"

प्लायवूडवर चिकटवतात तो लाकडासारखा दिसणारा छापील पातळ पत्रा, त्याला आमच्याकडची सुतार मंडळी मायका म्हणतात. हा अंगठा ज्यांचा, ते आमच्या शेजारचे सुतारकाका तो शब्द शिवीसारखा वापरायचे. दुकानात मायका, दवाखान्यात मायका, टीव्हीवर भाषण करणारा एखादा पुढारी दिसला तर तोही मायका.

"पण थुंकी कशाला लावता काका?" मी शाळेत असताना एकदा नाक मुरडून विचारलं होतं.

"कोरडं लाकूड खोटं बोलतं गो बाय," ते म्हणाले. "धूळ असते, जुनं पॉलिश असतं, उन्हाने उडालेलं असतं. ओलं केलं की खरा रंग सांगतं."

यात शास्त्र आहे हे मला फार उशिरा कळलं. तेल किंवा पॉलिश लावल्यावर लाकूड जसं दिसेल, तसंच ते ओलं असताना दिसतं, म्हणून जगभरातले सुतार ही युक्ती करतात म्हणे. फक्त ते बहुधा स्वतःच्या कारखान्यात करत असावेत. आमच्या काकांना तेवढं भान नव्हतं. काकी म्हणायच्या, "ह्यांच्या थुंकीने अर्धं लालबाग पुसून झालंय."

आम्ही काळाचौकीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि ते आमच्या शेजारच्या खोलीत. ते मूळचे मालवणकडचे. मिलच्या सुतारखात्यात त्यांचे वडील होते, मग ते स्वतः लागले. मिल बंद पडल्यावर चाळीच्या जिन्याखालच्या जागेत त्यांनी आपली पटाशी, करवत आणि रंधा मांडला आणि पुढची सगळी वर्षं तिथेच काढली. आम्ही शाळेतून आलो की जिन्याशी भुश्याचा वास यायचा, आणि वासावरून आज काय चाललंय ते ओळखायची आम्हा पोरांची पैज लागायची. मला त्यात कधीच जिंकता आलं नाही.

मास्कच्या दिवसांत या माणसाचं काय झालं असेल याची तुम्ही कल्पना करा. लस घ्यायला आम्ही दोघं बरोबर गेलो होतो. रांगेत एक बाक होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, मास्क हनुवटीवर ओढला, आणि मी "काका!" म्हणेपर्यंत अंगठा लागलासुद्धा. समोरची नर्स जागची उठली. "आजोबा, काय करताय काय तुम्ही?" काका शांतपणे म्हणाले, "सिस्टर, साग आहे. जुना बर्मा. ह्याला पांढरा ऑइल पेंट कुणी फासला?" नर्सने दोन्ही हात जोडले. मी बाकावर सॅनिटायझर ओतत बसले.

पण सगळ्यात गाजलेला प्रसंग म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी मुलगी बघायला गेलो होतो तो. करी रोडला मुलीचं घर. पोहे आले, चहा आला. मुलीचे वडील अभिमानाने म्हणाले, "बसा ना, अस्सल शिसवीच्या खुर्च्या आहेत, आमच्या आजोबांच्या." मी काकांकडे बघितलं. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि अंगठा वळवळत होता. मी डोळे वटारले, काकींनी चिमटा काढला. व्हायचं ते झालंच. ओल्या ठशाकडे बघून काका म्हणाले, "आंबा आहे." मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. आपण काहीतरी केलंय हे लक्षात आल्यावर त्यांनी सावरून घेतलं, "पण आंबा काय वाईट नसतो हां." नवरामुलगा लालेलाल. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगीच खळखळून हसली. तिला म्हणे लहानपणापासून शंका होती. लग्न ठरलं, आणि सून घरात आल्यावर तिचं पहिलं काम काय, तर काकांच्या खिशात रुमाल ठेवणं.

आता त्या फळीबद्दल सांगायला हवं.

मिल बंद झाल्यावर ऑफिसातलं सामान भंगारात निघालं. त्यात मॅनेजर साहेबाचं विलायती टेबल होतं. भंगारवाल्याने पाय आणि खण उचलले आणि वरची फळी एका टोकाला तडकलेली म्हणून तिथेच सोडली. काकांनी तिला अंगठा लावला. मग वॉचमनला विचारून ती पाच फुटी फळी डोक्यावर घेतली आणि करी रोडवरून काळाचौकीपर्यंत चालत आणली. "मिल बंद झाली तेव्हा इतर बायकांचे नवरे रडत घरी आले," काकी सांगायच्या, "आमचे फळी घेऊन आले."

ती अक्रोडाची फळी होती. अक्रोड म्हटलं की आपल्याला परीक्षेच्या दिवसांत आई देते तो मेंदूसारखा दिसणारा सुका मेवाच आठवतो. त्याच्या झाडाला लाकूडही असतं हे मला काकांनीच शिकवलं. वरून ती फळी अगदीच सामान्य होती. पिवळट, उडालेला रंग, शाईचा एक डाग, आणि साहेबाच्या कपाने उमटवलेली गोल गोल पांढरी वर्तुळं. एकदा त्यांनी मला बोलावलं, अंगठा ओला करून फळीच्या कडेला घासला, आणि म्हणाले, "बघ." त्या पिवळटपणाखालून चॉकलेटसारखा तपकिरी रंग वर आला, त्यात किंचित जांभळी झाक. ठसा वाळला तसा तो परत आत गेला.

"शिसवी म्हातारपणी काळी पडते," काका म्हणाले. "बहुतेक लाकडांचं तसंच. अक्रोडाचं उलटं. उजेडात ठेवलास की वयाबरोबर गोरा होतो. पण आत तसाच असतो हां. एक हात रंधा मारलास की पुन्हा जवान."

अक्रोडाबद्दल बोलायला लागले की त्यांना थांबवणं कठीण असायचं. हे लाकूड फार कडक नाही आणि मऊही नाही, म्हणून पटाशी हवी तिथे जाते आणि हवी तिथे थांबते. काश्मीरला त्याच्यावर वेलबुट्टी कोरतात ती उगाच नाही. धक्का सोसतं म्हणून पूर्वी बंदुकीचे दस्ते त्याचे करायचे. एकदा नीट सुकलं की वाकत नाही. झाडाचा बाहेरचा भाग दुधासारखा फिका असतो, गाभा गडद. आणि लोखंडाशी त्याचं वैर आहे. ओलाव्यात लोखंडी खिळा ठोकलात तर भोवती काळा डाग पडतो, म्हणून त्याला पितळी स्क्रूच लागतात. "नाजूक नाय गो," ते म्हणायचे, "मानी आहे."

ती फळी पलंगाखाली चार सारख्या पट्ट्यांवर आडवी ठेवलेली असायची. दर दसऱ्याला हत्यारांना झेंडू वाहून झाला की काका तिला बाहेर काढायचे, पुसायचे, आणि उलटी करून परत ठेवायचे, म्हणजे दोन्ही अंगांना सारखी हवा लागते. "काय करणार काका हिचं?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. "पोरगा रंधा धरेल त्या दिवशी त्याला देणार. पहिली वस्तू ह्याची करायची."

पोराने रंधा धरला नाही. तो शिकला, इंटिरियरचा कोर्स केला, लॅपटॉपवर घरांची चित्रं काढायला लागला आणि माणसं लावून कामं करून घ्यायला लागला. मुलगा गुणी आहे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर घेतलंय. वडिलांची बोटं त्याने लहानपणापासून पाहिली होती, त्यातलं एक करवतीने अर्धं गेलेलं. "बाबा, तुमच्यासारखं काम आज कुणाला परवडत नाही नि कुणाला थांबवत पण नाही," असं तो म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. काका ऐकून घ्यायचे आणि दसऱ्याला फळी उलटी करायचे.

चाळ पाडली, टॉवर झाला, आणि आम्हा सगळ्यांना वर घरं मिळाली. मला चौदाव्या मजल्यावर, त्यांना अकराव्या.

माझे वडीलसुद्धा मिलमध्येच होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. मी मॅट्रिकचा अभ्यास धान्याच्या पेटीवर वही ठेवून केला. आईला तांदूळ हवे असले की मला वही उचलून उठावं लागायचं. दादा म्हणजे माझे वडील म्हणायचे, "आपल्या घरात देव्हारा नाही त्याचं मला काही वाटत नाही. टेबल नाही याचं वाटतं. घर मोठं झालं की आधी टेबल कर." नवं घर बघायला दादा राहिले नाहीत. म्हणून चावी हातात आल्यावर मी पहिला फोन काकांच्या मुलाला केला.

तो नमुन्यांची पंख्यासारखी उघडणारी माळ घेऊन आला. तपकिरी रंगाचे चौकोनी तुकडे, प्रत्येकावर नाव.

"ह्यात वॉलनट आहे?" मी विचारलं.

"आहे ना ताई. सध्या वॉलनटच टॉप चाललंय."

"मला वॉलनटचंच टेबल हवं."

"नक्की ना? मग नंतर बदलायचं नाही हां."

मी मोठ्या दिमाखात नक्की म्हणाले. काकांच्या पलंगाखाली आहे तसं लाकूड माझ्या दादांच्या टेबलाला. तीस वर्षं पोरांना 'पुढील शब्दांचे अर्थ लिहा' असा प्रश्न घालणाऱ्या मला एका शब्दाचा अर्थ विचारायचं सुचलं नाही.

टेबल आलं ते गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली, पंचशील झालं, आणि मग चाळीतली जुनी मंडळी खीर खात टेबलाभोवती जमली. सुबक होतं. काका पांढरा शर्ट घालून आले, तशी सगळ्यांनी एकच गलका केला, "काका, अंगठा! अंगठा!" दोन शेजारी तर मुलाकडे काम द्यायच्या बेतातच होते. त्यांतला एक म्हणाला, "काकांनी पास केलं की आमचं पण फायनल."

"वॉलनट आहे काका," मी सांगितलं. "म्हणजे अक्रोड. तुमच्या फळीसारखं."

काकांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो आठवतो. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा कुणाशी तरी फोनवर बोलत दारात उभा होता. काकांनी अंगठा जिभेला लावला आणि टेबलावर घासला.

मी त्यांच्या शेजारीच होते म्हणून मला दिसलं. रंग वर आला नाही. ओल टेबलात शिरलीच नाही, वरच्यावर बारीक थेंबांची रेघ होऊन बसली. काका त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने ती पुसली.

"अक्रोड आहे," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या शेजाऱ्याने तिथल्या तिथे काम ठरवलं. काका खिरीची वाटी तशीच ठेवून निघून गेले. मी खाली वाकून टेबलाच्या कडेला हात लावला, तर जिथे मायका संपतो तिथली बारीक तपकिरी रेघ आणि तिच्याखाली प्लायचे पापुद्रे बोटाला लागले.

खरं सांगते, मला भयंकर राग आला. टेबलापेक्षाही दादांसाठी आला. ज्याला कडेवर घेतलं त्याने मला फसवावं, आणि ज्या माणसाने एका खुर्चीसाठी सोयरीक पणाला लावली त्याने सगळ्यांसमोर ते झाकावं. दुसऱ्या दिवशी मुलगा खणाचं कुलूप बसवायला आला, तेव्हा मी वर्गात उभं करतात तसं त्याला उभं केलं.

"हे लाकूड आहे?"

"लाकूड?" तो गोंधळला. "प्लाय आहे ताई. वरती वॉलनट. तुला दाखवला होता ना तुकडा?"

"म्हणजे अक्रोड नाही?"

"अक्रोड?" तो हसायलाच लागला. "ताई, अक्रोड बाबांच्या पलंगाखाली. वॉलनट शेडचं नाव आहे. नऊशेबारा नंबर."

त्याच्या तोंडाकडे बघून माझी खात्री पटली. या मुलाने मला फसवलं नव्हतं. त्याच्या धंद्यात वॉलनट हा रंग होता, त्याच्या बापाच्या धंद्यात ते झाड होतं, आणि मी मधल्यामध्ये दोघांचा शब्द एकच समजून बसले होते. मी त्याला चहा दिला.

संध्याकाळी अकराव्या मजल्यावर गेले. काका बाल्कनीत बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं, अगदी नऊशेबारा नंबरसकट. मला वाटलं त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

"म्हणजे पोरगा खोटं नाय बोलला?"

"नाही काका."

"माका वाटलं बोलला, म्हणून मी..." ते थांबले. "म्हणजे मी एकटाच बोललो."

मी म्हटलं, सोडा हो, एका टेबलाचं काय एवढं. ते ऐकतच नव्हते. माणूस पंचाहत्तरीला आलेला, आयुष्यभर ज्या अंगठ्यावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला त्याच अंगठ्याने खोटी साक्ष दिली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "पोरगा पनवेलच्या साइटवर गेलाय, आठवडाभर नाय येणार. घरी आहेस?"

मी दार उघडलं तर काका, हातात हत्यारांची पिशवी, आणि मागे वॉचमनच्या डोक्यावर ती फळी.

"काका, ही तर..."

"मी सगळ्यांसमोर बोललोय, अक्रोड आहे म्हणून. तर असायला पाहिजे."

"पण ही त्याच्यासाठी ठेवलीत ना तुम्ही?"

"तो कधी धरणार रंधा?" ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, एखादी बस गेली हे सांगावं तसं सांगितलं. "किती दसरे उलटी केली मी ती. आता उचलवत पण नाय."

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्यांनी चार दिवस काम केलं. सेक्रेटरी धुळीबद्दल बोलायला आले आणि तासभर अक्रोडाचं पुराण ऐकून गेले. तडकलेलं टोक काकांनी कापून टाकलं. मग तोंडाला रुमाल बांधून रंधा मारायला घेतला, कारण अक्रोडाच्या भुश्याने घसा धरतो. पहिल्या हातालाच साहेबाची ती वर्तुळं, शाई, पिवळटपणा, सगळं पातळ पट्ट्या होऊन जमिनीवर पडलं. खालून गडद तपकिरी लाकूड निघालं, जणू आजच झाड कापलंय. वास थोडा उग्र, कच्च्या सालीसारखा. एक बाजू झाली की रंधा खाली ठेवायचे, नेहमी कुशीवर. रंधा पोटावर ठेवायचा नाही, पात्याची धार जाते, हा त्यांचा नियम. चाळीतल्या प्रत्येक पोराने तो मोडल्याबद्दल टपली खाल्लेली आहे.

फळी मुलाने केलेल्या टेबलाच्या बरोबर मापाची केली. कडेचा फिका भाग काढून टाकला, म्हणजे रंग सगळीकडे एकसारखा दिसेल. पितळी स्क्रू बसवले, त्यांची भोकं थोडी लांबट ठेवली, कारण पावसाळ्यात लाकूड किंचित फुगतं आणि त्याला हलायला जागा लागते. शेवटी मशीद बंदरच्या सुक्या मेव्याच्या दुकानातून आणलेली छोटी बाटली काढली. त्यात अक्रोडाचं तेल होतं. "त्याचंच त्याला लावायचं," म्हणाले, आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने तीनदा चोळलं.

काढलेली प्लायची फळी त्यांनी माझ्या पोटमाळ्यावर फळी म्हणून ठोकली. "फेकायची नाय. पोराचं काम वाईट नाय, माझा शब्द वाईट झाला होता." मग निघताना दारात थांबून म्हणाले, "त्याला सांगू नकोस हां. त्याला वाटेल बापाने काम नापास केलं."

मी वचन दिलं. टेबल खिडकीशी ठेवायला त्यांनीच सांगितलं. "ऊन खाऊ दे. गोरा होईल हळूहळू." रंधा त्या दिवशी टेबलावरच राहिला, कुशीवर ठेवलेला. "हात भरून आलेत, उद्या नेतो," म्हणाले. तो उद्या काही आला नाही. ते दर आठवड्याला पेपर वाचायला यायचे, त्याच टेबलाशी बसायचे, आणि जाताना रंध्याकडे बघून म्हणायचे, "राहू दे गो. इथे हवा चांगली आहे." त्या दसऱ्याला झेंडूचं एक फूल घेऊन माझ्याकडे आले.

"काका, माझ्या घरी पूजा?"

"पूजा नाय गो. नुसतं फूल ठेवतो."

गंमत म्हणजे मुलगा त्या काळात तीनदा गिऱ्हाइकं घेऊन माझं टेबल दाखवायला आला. अक्रोडाच्या फळीवर थाप मारून म्हणायचा, "हे बघा, आमचं वॉलनट. दिसतं की नाही अगदी लाकडासारखं?" एकदा काका तिथेच पेपर वाचत होते. पेपर त्यांच्या तोंडासमोर होता, पण तो हलत होता त्यावरून मला कळलं की ते हसतायत. गिऱ्हाईक गेल्यावर मलाही हसू आवरेना. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी वर्गात होते, सुनेचा फोन आला.

वर्षभर त्यांच्या घरी सण नव्हता. त्याच्या पुढच्या दसऱ्याला सकाळी मुलगा माझ्याकडे आला, हातात झेंडूची पिशवी.

"ताई, बाबांची हत्यारं काढलीत. रंधा सापडत नाही. आमची ही म्हणाली, तुझ्याकडे असेल."

रंधा टेबलावरच होता. मी आजूबाजूने पुसायचे, तो कधी हलवला नव्हता. मुलगा पुढे झाला आणि दोन्ही हातांनी त्याने रंधा उचलला.

त्याच्या खाली टेबल गडद होतं. बाकी सगळी फळी उन्हाने मधासारखी झाली होती, आणि जिथे रंधा पहुडला होता तिथे, त्याच आकाराचा, चॉकलेटी ठसा तसाच्या तसा राहिला होता.

तो बघत राहिला. त्याच्या धंद्यातली गोष्ट होती, त्याला कुणी समजावायची गरज नव्हती.

"मायका असा उडत नाही ताई," तो हळू म्हणाला.

मी वचन दिलं होतं. पण वचन टेबलानेच मोडलं, मी फक्त मान हलवली.

"कधी?"

"तू पनवेलला होतास तेव्हा. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, अक्रोड आहे म्हणून."

"पलंगाखालची फळी?"

"हो."

त्याने रंधा बाजूच्या खुर्चीवर ठेवला. कुशीवर ठेवला, हे मी पाहिलं. मग लहानपणापासून ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत आली, ती त्याने केली. अंगठा जिभेला लावला आणि फिक्या झालेल्या लाकडावर दाबून घासला. रंग वर आला. ठसा वाळेपर्यंत तो मान तिरकी करून बघत राहिला, आणि वाळल्यावर त्याने पुन्हा अंगठा ओला केला.

"अक्रोड आहे," तो म्हणाला, आणि टेबलाशी बसून रडला.

रंधा तो घेऊन गेला. तेवढी जागा अजून गडद आहे. उन्हाने तीही उजळत जाईल, काकांनीच शिकवलंय. मी सकाळी शाळेत जाताना तिथे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवून जाते.